गुंतलेला उजेड, झाशीच्या मुक्कामी

झाशीहून आल्यापासून भेटेल तो एकच प्रश्न विचारतो, "किल्ला पाहिलास का?" पाहिला. जाताना रिक्षातून एका बाजूला दिसला, येताना दुसऱ्या बाजूला. आत गेले नाही. असं सांगितलं की माणसं माझ्याकडे अशी बघतात, जणू मी मालवणात चार दिवस राहून मासे न चाखता परत आले. माझी सख्खी बहीण तर म्हणाली, "मग गेलीस कशाला एवढ्या लांब?" तिला शांत बसवायला म्हणून हे लिहायला घेतलं आहे.

मी पुण्यात पदार्थविज्ञान शिकवते, आणि झाशीला गेले ती एका मुलीची परीक्षा घ्यायला. पीएच.डी.चा प्रबंध लिहून झाला की शेवटी तोंडी परीक्षा होते आणि तिला बाहेरगावचा एक परीक्षक बोलावतात. माझं नाव सहसा कोणी सुचवत नाही. 'प्रबंध परत पाठवणारी बाई' अशी माझी ख्याती आहे, आणि ती मी कष्टाने मिळवलेली आहे. झाशीच्या एका कॉलेजातल्या सक्सेना सरांच्या, म्हणजे त्या मुलीच्या मार्गदर्शकांच्या, कानावर ती गेली नसावी, किंवा गेली असूनही त्यांनी मला बोलावलं असावं. दुसरी शक्यता मला जास्त आवडते.

प्रबंधाचा विषय होता क्वांटम गुंतणूक. घाबरू नका, मी फळा आणलेला नाही. दोन वस्तू एकमेकींत अशा काही गुंततात की मग त्यांना कितीही लांब नेलं तरी एकीचं वेगळं असं वर्णन करता येत नाही, जे काही सांगायचं ते दोघींचं मिळून सांगावं लागतं. आता वस्तू दोन तऱ्हेच्या असतात. काही विजेच्या बटणासारख्या, चालू नाहीतर बंद, मधलं काही नाही. काही पंख्याच्या नव्या रेग्युलेटरसारख्या, हव्या तेवढ्या फिरवा, कुठे टक् असा आवाज नाही. या मुलीने एक बटण आणि एक रेग्युलेटर एकमेकांत गुंतवले होते: इकडे एक अणू, तिकडे उजेडाचा एक झोत. झोत वाटेत थोडा थोडा गळतो, तेव्हा ही गुंतणूक किती टिकते आणि उजेड किती प्रखर ठेवावा, असा तिचा प्रश्न होता. प्रश्न झकास होता. मी तसा अहवालही आधीच पाठवला होता आणि खाली लिहिलं होतं की चौथ्या प्रकरणाबद्दल समक्ष विचारीन.

गाडीत ते चौथं प्रकरण पुन्हा उघडलं. त्यात एक आलेख होता, तीन रेघांचा. एक रेघ कमी गळतीची, एक मध्यम, एक भरपूर गळतीची. उजेड वाढवत नेला की तिन्ही रेघा आधी चढत होत्या आणि मग अचानक शून्यावर येत होत्या. तिन्ही एकाच जागी! तीन भावंडं एकाच वेळी एका हाकेत जेवायला येतात, हे आमच्या घरी कधी झालं नाही. निसर्गही इतका आज्ञाधारक नसतो. तिन्ही रेघा एका जागी मोडत असतील तर मोडणारा हात माणसाचा असतो. भोपाळ येईपर्यंत माझी खात्री झाली होती आणि माझी झोप उडाली होती.

बुधवार: स्टेशन

स्टेशनावर सक्सेना सर झेंडूचा हार घेऊन उभे होते. गोलमटोल, हसतमुख गृहस्थ. त्यांच्या मागे पांढरी टोपी घातलेले, काठीसारखे सरळ एक वृद्ध.

"मॅडमजी, ये पुराणिक जी हैं," सर ओशाळून म्हणाले. "बच्ची के पिताजी. मैंने बहुत मना किया था."

उमेदवाराच्या वडिलांनी परीक्षकाला घ्यायला यावं, हे कुठल्याच नियमात बसत नाही. मी कपाळाला आठी घातली. पुराणिकांनी ती पाहिली आणि शांतपणे मराठीत म्हणाले, "परीक्षकास घ्यावयास नाही आलो बाईसाहेब. पुण्याचं मनुष्य येत आहे म्हणून आलो. आमचे मूळपुरुष पेशव्यांच्या वेळेस तिकडूनच आले. तेव्हापासून तिकडचं कोणी आलं की सामोरं जायचं, अशी वहिवाट आहे आमच्यात."

"आणि रेल्वे नव्हती तेव्हा?"

"तेव्हा वेशीवर जात असतील. मी तो बघितला नाही जमाना."

यावर आठी टिकवून धरणं अवघड होतं. त्यांना सगळे नाना म्हणत, मीही म्हणू लागले. नाना रेल्वेत स्टेशनमास्तर होते, झाशीच्या आसपासच्या लहान लहान स्टेशनांवर नोकरी गेली. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी आणि भाजीवाल्याशी अस्सल बुंदेली. पुण्यात मराठी बोलताना आपण कधी असे शब्द जपून वापरत नाही. नाना मात्र पाहुण्यांसाठी ठेवणीतली भांडी काढावीत तसे एकेक शब्द काढत होते, आणि मध्येच एखादं हिंदी पातेलं त्यांच्या नकळत बाहेर येत होतं.

माझी उतरायची सोय इलाइट चौराह्याजवळच्या एका गेस्ट हाऊसवर होती. चौक चांगला ऐसपैस, पण भोंगे वाजवायची शर्यत लागल्यासारखी सगळीकडून वाहनं घुसतात. मला खोलीवर सोडून दोघं निघाले, आणि नाना जाताना म्हणाले, "सकाळी कचोरी खाऊन परीक्षा घ्या. रिकाम्या पोटी मनुष्य कडक होतं."

गुरुवार: परीक्षा

कचोरी खाल्ली. सोबत पातळ रस्सा असलेली बटाट्याची भाजी आणि वर गरम जिलबी. आपण पोह्यांवर लिंबू पिळून स्वतःला खवय्ये समजतो ते किती उगाच, हे उत्तरेत सकाळी नऊ वाजता कळतं. तरीही परीक्षेला मी कडकच होते.

मुलगी म्हणजे अनघा, तिशी ओलांडलेली, बारीक, चष्मा. झाशीजवळच्या बबीनाच्या एका कॉलेजात ती संविदेवर शिकवत होती, म्हणजे कंत्राटी. मला नमस्कार करून म्हणाली, "मॅडमजी, मराठी मला समजते सगळी. बोलायला जाते तर हिंदी निघते. तर चलेल का?" मी म्हटलं चलेल. हॉलमध्ये विद्यार्थी, प्राध्यापक, आणि पहिल्या रांगेत टोपी घातलेले नाना. मांडीवर पेढ्यांचा खोका.

ती छान बोलली. मध्येच वीज गेली, पडद्यावरची चित्रं नाहीशी झाली, तर जराही न थांबता खडू उचलून तिने फळ्यावर सुरू केलं. खिडक्या उघडल्या, गरम वारा आत आला. माझी पाळी आली तेव्हा मी एवढंच विचारलं, "चौथ्या प्रकरणात गळती वेगवेगळी आहे, तर तिन्ही रेघा एकाच ठिकाणी का मोडतात?"

ती फळ्याकडे वळली. खडूने काढलेल्या तिन्ही रेघांवरून एकेक करून बोट फिरवलं. सक्सेना सरांनी दोनदा खाकरून पाहिलं.

"वो जगह मेरी है," ती शेवटी म्हणाली. "निसर्गाची नाही. तिथे मी शिडी कापली."

हिची चूक समजायला शिडी समजावी लागेल. कॉम्प्युटरला गुळगुळीत रेग्युलेटर कळत नाही, त्याला पायऱ्या लागतात. म्हणून आम्ही उजेडाचे कण मोजतो: एकही नाही, एक, दोन, तीन, अशी शिडी. ती वर आभाळापर्यंत जाते, म्हणून कुठेतरी करवत लावावीच लागते. उजेड मंद असेल तर थोड्या पायऱ्या पुरतात. प्रखर असेल तर उजेड कापलेल्या टोकावरून पलीकडे पडतो, आणि कॉम्प्युटर म्हणतो, गुंतणूक संपली. संपलेली नसते, शिडी संपलेली असते. हा घोटाळा फक्त आमच्यासारखी हिशेब करणारी माणसं करतात, आणि वीज न जाणाऱ्या पुण्यात बसून तो करणं अवघड आहे. तिने पुढे जे सांगितलं ते ऐकून मला परीक्षक असल्याची लाज वाटली. शिडी लांब ठेवली की हिशेब लांबतो, आणि लांबला की मध्ये वीज जाते आणि पुन्हा पहिल्यापासून. म्हणून वीज जाण्याआधी हिशेब पुरा होईल इतकीच शिडी तिने ठेवली होती. मंद उजेडाला तपासून पाहिली, बरोबर आली. प्रखर उजेडाला तपासायची राहून गेली.

चहाच्या वेळी सक्सेना सरांनी मला बाजूला घेतलं. बबीनाच्या त्याच कॉलेजात पक्की जागा निघाली होती. मुलाखत सोमवारी. हातात डिग्रीचा कागद नसेल तर अनघाचं नाव यादीतून कटणार, आणि जागा भरली की संविदेचीही गरज उरणार नव्हती. घरात नानांची पेन्शन, बाकी काही नाही. "मॅडमजी, प्रबंध लौटाइएगा मत," ते हळू आवाजात म्हणाले. "पुन्हा सगळी फेरी करायला साल लगेगा."

मी चिडले. सरांवर, विजेवर आणि सर्वात जास्त त्या तीन रेघांवर. चूक दिसल्यावर सही करणं मला जमत नाही, आणि ही मुलगी परत पाठवणंही मला जमेना. अखेर नियमांचं पुस्तक मागवलं. त्यात एक वाट निघाली. तोंडी परीक्षा तहकूब करता येते, आणि एखाद्या प्रकरणाची दुरुस्ती तिथल्या तिथे स्वीकारता येते, प्रबंधाचा अंतिम निष्कर्ष बदलत नसेल तर.

"शनिवारी दुपारपर्यंत चौथं प्रकरण नीट करून आण," मी अनघाला म्हटलं. "मी तोवर थांबते. पण मी एक अक्षर सांगणार नाही."

"मॅडमजी, इतना बड़ा हिशेब शनिवारपर्यंत आमच्या बिजलीवर चालणारच नाही."

"मग बिजली नको असलेला मार्ग शोध."

तसा मार्ग होता. मला माहीत होता, आणि तो फार सोपा होता. हीच तर खरी पंचाईत. नानांनी पेढ्यांचा खोका तसाच बांधलेला ठेवला आणि मला विचारलं, "म्हणजे गाडी सिग्नलला उभी आहे, असंच ना?" मी म्हटलं, असंच.

गुरुवार संध्याकाळ: बडा बाजार

गेस्ट हाऊसवर परतले तर दारात बँडवाले. संध्याकाळपासून सगळ्या खोल्या एका वऱ्हाडाला दिलेल्या होत्या, आणि माझी बॅग आधीच व्हरांड्यात येऊन बसली होती. लग्नसराई होती. गावात एक खोली मिळेना. मग काय होणार ते तुम्ही ओळखलंच असेल. नाना रिक्षा घेऊन आले.

"हे योग्य नाही नाना. मी परीक्षक आहे."

"परीक्षक बाहेर. घरात आपण पाहुण्या. मी नियम करतो. घरात फिजिक्सचा एक शब्द नाही. लाइन ब्लॉक."

बडा बाजारात एका बांगड्यांच्या दुकानावर त्यांचं घर. दोन खोल्या, वर गच्ची. भांडी, कापड, मसाले, आणि मधून वाट काढणारी एक गाय, एवढं ओलांडलं की जिना. घरात शिरताच नाना म्हणाले, "फडताळात सरबत आहे, थंडा." मी भिंतीतलं कपाट शोधू लागले तर त्यांनी फ्रिज उघडला. आपल्याकडे हा शब्द माझ्या आजीच्या पिढीबरोबर गेला. इथे त्याला वीज जोडून अजून कामावर ठेवलंय.

स्वयंपाक नाना स्वतः करत. पत्नी गेल्यापासून शिकले, असं म्हणाले. त्या रात्री त्यांनी गच्चीवर गोवऱ्यांची आच करून गकरिया भाजल्या. गकरिया म्हणजे कणकेचे जाडजूड गोळे, निखाऱ्यात भाजून, राख झटकून, तुपात बुडवलेले. सोबत भाजलेल्या वांग्याचं भरीत. भरतावर त्यांनी मोहरीची फोडणी घातली नि चिमूटभर गूळही टाकला. "बुंदेलखंडात गूळ टाकत नाही कोणी. आम्ही टाकतो," ते म्हणाले. "शेजारी म्हणतात, तुमची भाजी आहे की मिठाई?" मी तीन गकरिया खाल्ल्या. चौथी उचलताना अनघाकडे पाहिलं तर तिचं पान जसंच्या तसं. ती ताटात बोटाने काहीतरी लिहीत होती.

मला इतकं सांगावंसं वाटलं की मी चौथी गकरिया सबंध तोंडात कोंबली.

नियम मोडला तो नानांनीच. "फिजिक्स नाही विचारत. पण हे गुंतणं म्हणजे नेमकं काय हो? ती मला सांगते, मला समजतं असं मी दाखवतो."

एवढं सांगायला हरकत नव्हती. मी बटण आणि रेग्युलेटर सांगितलं. नाना खूश झाले. "अरे, हे तर आमचं टोकनयंत्र! सिंगल लाइनवर दोन स्टेशनांत दोन यंत्रं. या स्टेशनावर टोकन काढलं की त्या स्टेशनावरचं कुलूप. दोघांचं मिळून एक!"

"पण नाना, तुमच्या दोन यंत्रांत तार होती ना?"

"होती की."

"इथे तार नाही. काहीच नाही मध्ये. तरी दोन्हीकडचे निकाल जुळतात."

नाना विचारात पडले. "मग तार नसताना निरोप कसा जातो?"

"जातच नाही. असल्या गुंतणुकीतून एक शब्दसुद्धा पाठवता येत नाही."

"निरोप जात नाही?" स्टेशनमास्तरांना हे पचेना. "मग एवढं गुंतून करायचं काय?"

अनघा हसली. त्या दिवसात पहिल्यांदा. मग पुन्हा ताटात लिहू लागली.

शुक्रवार: बबीना

मला वाटलं शुक्रवारी ती घरी बसून काम करील. पण सकाळी ती तयार. बबीनात तिचा तास होता, आणि सोमवारच्या मुलाखतीआधी रजा मागायची तिची हिंमत नव्हती. मी म्हटलं, मीही येते, छावणी बघीन. खरं म्हणजे मला घरात नानांच्या प्रश्नांना तोंड देणं धोक्याचं वाटत होतं.

बस दक्षिणेला निघाली. खडकाळ माळ, पळस झडून गेलेला, आणि उघड्या खिडकीतून एक गोडसर, आंबूस वास. मोहाचा. गावोगाव बाया भल्या पहाटे फुलं वेचून आणून रस्त्याच्या कडेला वाळत घालतात. आपल्याकडे रस्त्यावर मिरच्या वाळतात, इथे मोह. शेजारची बाई अनघाला म्हणाली, "काए बिन्नू, आज बड़ी चुप हो?" बिन्नू म्हणजे इकडची ताई. अनघाने मान हलवली. मांडीवर कागद, कागदावर शिडी आणि शिडीवर काट.

बबीना म्हणजे लष्कराचं गाव. रस्ते झाडलेले, झाडांची खोडं चुन्याने रंगवलेली, दुकानांत बुटांचं पॉलिश आणि राज्या-राज्यांची लोणची. अनघाच्या वर्गात फौजींच्या मुली जास्त. मी मागच्या बाकावर बसले. ती मला ठाऊक असलेली अनघा नव्हतीच. हिंदीत, हसत, टेबलावर बसून शिकवत होती, आणि एका मुलीने चुकीचं उत्तर दिलं तेव्हा म्हणाली, "ग़लत है, पर बढ़िया ग़लत है. कहाँ से आया, ये बताओ." माझ्या सबंध कारकिर्दीत मी एकाही विद्यार्थ्याला 'बढ़िया ग़लत' म्हटलेलं नाही. तिथे बसून मला मनापासून वाटलं की ही जागा हिलाच मिळाली पाहिजे.

परतताना बस एका गावाशी टायर बदलायला थांबली. आम्ही उतरून कडुलिंबाखाली उभ्या राहिलो. समोर एका म्हातारीने मोहाचे दोन ढीग केले होते. एक ताज्या, पिवळट फुलांचा, एक वाळून लाल झालेल्यांचा. मी त्या ढिगांकडे पाहत राहिले. नुसतं पाहत होते. पाहणं हा काही गुन्हा नाही, असं म्हणणार होते, पण आमच्या शास्त्रात नेमका तोच गुन्हा असतो, पाहिलं की पाहिलेलं बदलतं.

अनघाने माझ्या नजरेमागे पाहिलं की नाही, मला माहीत नाही. ती म्हातारीला म्हणाली, "अम्मा, जे कितेक फूल हुइएँ?"

"फूल को गिनत बिन्नू?" म्हातारी म्हणाली. "हम तो ढेर जानत. दोई आएँ." म्हणजे फुलं कोण मोजतं, आम्ही ढीग जाणतो, आणि ते दोनच आहेत.

अनघाने दोन्ही ढिगांवरून नजर फिरवली. मग माझ्याकडे न बघता बसमध्ये चढली, टायर न बदललेल्या बसमध्ये, आणि लिहू लागली.

आता सांगायला हरकत नाही. तिच्या उजेडाचे ढीगच दोन होते. अणू चालू असेल तर झोत एका तऱ्हेने डोलतो, बंद असेल तर उलट. प्रत्येक ढिगात कण कितीही असोत, ते मोजायची गरज नाही. कुठला ढीग, एवढंच विचारायचं. मग रेग्युलेटरही या प्रश्नापुरता बटणच होतो. शिडी नको, करवत नको, कॉम्प्युटरही नको. कागद आणि पेन्सिल पुरतात. मी खिडकीबाहेर बघत बसले आणि आनंद गालांत दाबून धरला.

शनिवार

दुपारी बारा वाजता आम्ही सक्सेना सरांच्या खोलीत बसलो. सर, मी आणि अनघा. अनघाचे डोळे लाल होते, पण अक्षर स्वच्छ. मी एकेक ओळ वाचली. बरोबर होतं. उजेड वाढवला की गुंतणूक आधी वाढते, मग हळूहळू पातळ होत जाते, पण शून्य होत नाही, कधीच नाही. आणि तिन्ही रेघांची शिखरं आता तीन निरनिराळ्या जागी होती, भावंडांना शोभतील अशी.

"बढ़िया," मी म्हटलं. पुढचा शब्द मी लावला नाही.

सक्सेना सरांनी खुर्चीत अंग सैल सोडलं आणि समोसे मागवले. दारात नाना येऊन उभे राहिले. एका हातात माझ्या गाडीसाठी डबा, दुसऱ्यात तो खोका. खाली रिक्षा उभी होती. मी फॉर्म पुढे ओढला आणि पेनाचं टोपण काढलं.

"मॅडमजी, रुकिए," अनघा म्हणाली. "सही करू नका."

आम्ही तिघंही तिच्याकडे पाहू लागलो. तिने प्रबंध उघडला, पाचव्या प्रकरणावर, शेवटच्या. एका ओळीवर बोट ठेवलं. उजेड अमुक मर्यादेच्या खाली ठेवावा, कारण त्यावर गुंतणूक उरत नाही, असं तिथे ओझरतं लिहिलेलं होतं. ती मर्यादा कुठून आली? चौथ्यातून. त्याच कापलेल्या शिडीवरून. आणि पाचव्या प्रकरणातली सगळी योजना, प्रबंधाचा सगळा निष्कर्ष, त्या एका ओळीवर उभा होता.

मी ती ओळ वाचली होती. गाडीत, घरी, दोनदा, तीनदा. मला दिसली नव्हती.

"अरे बेटा," सक्सेना सर कळवळून म्हणाले, "मॅडम ने तो पूछा ही नहीं था!"

"हाँ सर."

"सोमवार है, बेटा."

"मला माहीत आहे सर."

नानांनी डबा खाली ठेवला. मला वाटलं ते रागावतील. ते एवढंच म्हणाले, "बाळ, दहा मिनिटं थांबली असतीस तर सही झाली असती."

अनघा त्यांच्याकडे वळली आणि अडखळत, पण सगळं मराठीत बोलली. "झाली असती नाना. पण मॅडमजी गाडीत पुन्हा वाचतात. त्यांना दिसलं असतं. मग सही झालेली असती, आणि त्या एकट्या असत्या गाडीत. त्यांनी काय केलं असतं?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते लपवायचा प्रयत्न केला नाही. आजवर मी अनेक प्रबंध परत पाठवले, आणि दरवेळी चूक पकडल्याचं एक सुख मला मिळत आलं. या वेळी चूक मी पकडलेलीच नव्हती. आणि जिचं सगळं जाणार होतं, ती माझ्या रात्रीची काळजी करत होती.

नियम स्पष्ट होता. मी फॉर्मवर लिहिलं, 'सुधारून पुन्हा सादर करावा.' खाली लिहिलं की सुधारलेला प्रबंध दुसऱ्या कोणाकडे न पाठवता माझ्याकडेच यावा, आणि मी तो आल्या दिवशी वाचायला घेईन. सही केली. सोमवारची मुलाखत तिच्याशिवाय होणार होती, हे त्या खोलीत सगळ्यांना कळलं होतं. तिथे दुसरा कुठला चमत्कार झाला नाही.

अनघाने फॉर्म वाचला. घडी घालून सरांपुढे ठेवला. चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा लावला.

"परीक्षा संपली ना, मॅडमजी?"

"संपली."

"म्हणजे अब आप बोल सकती हैं?"

"म्हणजे?"

"दोन दिवस तुम्ही तोंड बंद ठेवलंत. ढेरांपाशी तर मला वाटलं तुम्ही फुटाल." ती फळ्यापाशी गेली आणि खडू उचलला. "पाचव्यात मर्यादाच नाही, तर मग उजेड किती ठेवायचा? मला वाटतं, शिखरावर. पण गळती आधी माहीत नसेल तर शिखर कुठे, ते कसं कळणार? हे नाही येत मला."

मलाही येत नव्हतं. पण कुठून सुरुवात करायची ते दिसत होतं, आणि तिलाही दिसत होतं, एवढं तिच्या खडू धरण्यावरून कळत होतं.

"बाईसाहेब," नाना दारातून म्हणाले, "रिक्षा उभी आहे. गाडीची वेळ झाली."

"नाना, रिक्षाला जाऊ द्या," मी म्हटलं, आणि दुसरा खडू घेतला.